ग्राफिक्स कार्डाचा मुका कूलर

त्या पंख्याचा आवाज मी आजही काढून दाखवू शकते. दात आवळायचे आणि त्यांच्यामधून बारीक 'ईईई' सोडत राहायचा, श्वास संपेपर्यंत. माझ्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर बिस्किटाएवढा एक पंखा होता, तो दिवसभर हेच करायचा. फक्त त्याचा श्वास संपत नसे. मला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. त्रास बाबांना होता. तो आवाज सुरू झाला की बाबा कानातलं मशीन काढून उशीखाली ठेवून द्यायचे, आणि मग आमच्या घरातलं बोलणंच बंद व्हायचं.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कळेलच, पण नंतर कोणी म्हणायला नको.

आम्ही रायपूरच्या गुढियारीत राहायचो, रुळांच्या इतक्या जवळ की मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की भांड्यांच्या मांडणीतली वाटी किणकिणायची. बाबा रेल्वेत गाड्या तपासायच्या कामावर होते. गाडी यार्डात येऊन थांबली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक चाकाजवळच्या ॲक्सलच्या डब्याला हात लावून पाहायचा. हात उलटा, म्हणजे तळहात नाही, मागची बाजू. तळहात राठ होऊन जातो, त्याला गरमपणा उशिरा कळतो, असं बाबा सांगायचे. ही सवय त्यांची घरातही सुटली नव्हती. मला ताप आला की कपाळाला उलटा हात, दूध तापलं का बघायचं तर पातेल्याला उलटा हात. तेव्हा आई म्हणायची, "अवो, ते पातेलं आहे, वॅगन नाही."

त्याआधीची उमेदीची वर्षं बाबांनी वर्कशॉपात घनाच्या आवाजात काढली होती, आणि त्या घनानं त्यांचे कान खाल्ले. घरात ते अडत नव्हतं, कारण आईचा आवाज खणखणीत होता. मला बाबांना काही सांगायचं असलं तर मी आईला सांगायचे, आई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायची, आणि बाबांचं उत्तर परत आईमार्फतच यायचं. आमच्या दोघांमधली सगळी वाहतूक आईवरून जायची.

मग छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. पाट्या नव्या रंगल्या, लाल दिव्याच्या गाड्या फिरायला लागल्या, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन आमची आई गेली. बाबा तोवर रिटायर झाले होते. घरात ते आणि मी. आई गेल्यावर बाबा तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. रडले नाहीत, आठवण काढली नाही, तिचा फोटोही त्यांनी माझ्याकडूनच लावून घेतला. भेंडी आणली का, गॅस संपला का, पाणी आलं का, एवढंच. मला वाटायचं, ह्या माणसानं एकदा तरी आईबद्दल बोलावं. कसं लग्न झालं, ती मराठी मुलूख सोडून ह्या परक्या मुलखात पहिल्यांदा आली तेव्हा काय म्हणाली, काहीही. माझी तर अख्खी आई त्यांच्याकडूनच ऐकायची राहिली होती. ते मला इतकं हवं होतं की कधी कधी रागच यायचा.

डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं ते तेव्हाच. म्हणाले, दिवसभर लावून ठेवा, काढून ठेवलंत तर शब्द ओळखायची सवयच जाईल, मग मशीन असून नसून सारखं. बाबा दोन-चार दिवस लावून बसले आणि एका सकाळी मी कॉम्प्युटर सुरू करताच डोळे मिटून म्हणाले, "काय वं पोरी, सुई टोचून राहिली कानात. बंद कर ते." आणि मशीन उशीखाली.

बंद कसं करणार? तेच माझं पोट होतं. तेलीबांध्याकडच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी मी घरून काम करायचे. नव्या राजधानीतल्या इमारती कशा दिसतील त्याची चित्रं, चालती-फिरती, म्हणजे बघणारा जणू रस्त्यावरून चालतो आहे अशी. जिथे तेव्हा नुसती धानाची शेतं होती तिथे मी कारंजी उडवायचे, गुलमोहर लावायचे, छत्रीवाल्या बायका फिरवायचे. त्याला दमदार ग्राफिक्स कार्ड लागायचंच. आणि घरात अर्थिंगवालं एकच सॉकेट होतं, तेही दोन खोल्यांमधल्या दाराच्या चौकटीशी. त्यामुळे कॉम्प्युटरचा पत्र्याचा कॅबिनेट दारात, माझं टेबल आतल्या खोलीत, आणि कॅबिनेटच्या दुसऱ्या बाजूला, बाहेरच्या खोलीत, बाबांचा दिवाण. मधे पडदा. बाबा आडवे झाले की तो पंखा त्यांच्या उशाशी.

गंमत म्हणजे खिडकीतला खसचा, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर विमानासारखा घोंघावायचा, त्याची त्यांना तक्रार नव्हती. मी म्हटलं, "बाबा, तो चालतो आणि हा एवढासा पंखा नाही चालत?" तर म्हणाले, "तो घोरते. हा किंचाळते." माणसानं ह्याहून नेमकं काय सांगावं? कानाचं मशीन बारीक आवाजच जास्त वाढवून देतं, हे मला मागाहून कळलं. लहान पंख्याला वेगानं फिरावं लागतं म्हणून तो किंचाळतो. मोठा सावकाश फिरतो आणि भरड बोलतो. म्हणजे मला कमी आवाजाचा नव्हे, न किंचाळणारा कूलर हवा होता. कार्डासोबत आलेला काढायचा आणि दुसरा बसवायचा.

मी कॉम्प्युटर मार्केटात गेले. दुकानदार हसतमुख. "दीदी, ये लो, एकदम धाँसू," असं म्हणून त्यानं तांब्याचा एक ढिगारा समोर ठेवला, त्यावर पारदर्शक पंखा, पंख्यात निळे दिवे. मी म्हटलं, भैया, आवाज नसलेला पाहिजे. तर म्हणाला, इसमें लाइट भी जलती है. मी म्हटलं, दिवाळी आहे का माझ्या घरी? दुसरा दाखवला तो आमच्याच पंख्याचा सख्खा भाऊ, नवा असेपर्यंत गप्प बसणारा. मी भनकले. माझा आवाज आईवर गेलाय. शेजारच्या दुकानातले लोक डोकावले.

शेवटी त्यानं कॅटलॉगमधून एक काढून दाखवला, ज्याला पंखाच नव्हता. कार्डाच्या पुढे एक ॲल्युमिनियमची जाड पन्हाळीदार पाटी, मागे एक, आणि दोघींना जोडणारी तांब्याची वाकडी नळी. चिपची गरमी नळीतून दोन्ही पाट्यांत पसरणार आणि हवेत जाणार. हलणारं काहीच नाही, म्हणजे आवाज करणारंही काही नाही. दुकानदार स्वतःच घाबरला. "दीदी, रायपुर की गर्मी में बिना फैन का? कार्ड जल जाएगा."

त्याचं खोटं नव्हतं. इंटरनेटवर मी ज्यांचं वाचत होते ते सगळे थंड मुलखातले. त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ, माझ्या खिडकीबाहेर मे महिना. शिवाय उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ. सकाळी फरशी पुसा, दुपारी पाऊल उमटतं. दाट पात्यांचा कूलर असला की ती धूळ त्यात नमद्यासारखी बसते आणि मग कूलर कसला, ती रजई होते. पण ह्या बिनपंख्याच्या पाट्यांमध्ये फटी रुंद होत्या, रंगाच्या ब्रशनं झाडता आल्या असत्या. हवेसाठी कॅबिनेटच्या मागे एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा लावला असता, तो नुसता घोरला असता. मी घरी येऊन कार्डावरच्या स्क्रूच्या भोकांवर कागद दाबून ठसा काढला, कारण भोकं जुळली नाहीत तर सगळंच मुसळ केरात. शेजारच्या खाचेत मोडेमचं कार्ड होतं, त्याला खालच्या खाचेत हलवावं लागणार होतं, कारण ही पाटी लठ्ठ होती. दुसऱ्या दिवशी ठसा घेऊन पुन्हा दुकानात. भोकं जुळत होती. मागवा म्हटलं.

कूलर आला त्या दुपारी बाबांनी आपण होऊन कानात मशीन घातलं आणि चष्मा लावून चटईवर बसले. हत्यार हातात घ्यायचा प्रसंग आला की ते असे तरतरीत व्हायचे. जुना पंखा काढला, चिप स्पिरिटनं पुसली. नव्या कूलरसोबत पांढऱ्या मलमाची छोटी ट्यूब होती. ते मलम चिपवर मोहरीएवढं लावायचं, पातळ पसरवायचं, बस. मी आत स्क्रूड्रायव्हर आणायला गेले. येऊन बघते तर बाबांनी अख्खी ट्यूब पिळून चिपवर श्रीखंडासारखा थर दिला होता आणि बोटानं कडा सारख्या करत होते.

"बाबा! काय करून राहिले तुम्ही?"

"ग्रीस देऊन राहिलो. तू काय कंजुषी करत होती, कोण जाणे. ग्रीस कमी पडलं की ॲक्सल गरम होते. गाडी पेटली होती एकदा अशी."

"ते ग्रीस नाही! फिरणारं काय आहे इथं ग्रीस द्यायला? जाड थर दिला की गरमी आतच अडते!"

"तुले काय माहीत? जलमभर हेच केलं मी."

"मालगाडी आहे का ही? मालगाडी आहे?"

"ओरडू नको. मशीन लावलं आहे मी. ऐकू येते मले."

मी थबकले. आई गेल्यापासून आम्ही दोघं पहिल्यांदा तोंडावर तोंड भांडत होतो. मधे कोणी नव्हतं. त्यांचं मला आणि माझं त्यांना, सगळं थेट पोचत होतं. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बाबा मुकाट्यानं चिंधी आणून जास्तीचं मलम पुसायला लागले, पण पुसता पुसता पुटपुटलेच, "जास्त झालं म्हणून कोणाचं बिघडलं नाही." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग बटण दाबलं. स्क्रीनवर चित्र आलं आणि आवाज आला नाही. मी खाली वाकून पाहिलं, मागचा मोठा पंखा फिरत होता, पण त्याला जणू घाईच नव्हती. बाबांनी कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला, थोडा वेळ धरला. "कोमट आहे. जाऊ दे गाडी," म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला फार आठवतात. आता गुढियारीतलं ते घर नाही. मी तेलीबांध्याच्या पुढे राहते, खिडक्या बंद केल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि ह्याला लोक सुख म्हणतात. त्या घरात मात्र शांतता झाली तेव्हा आवाज सुरू झाले. शेजारच्या काकींचा खलबत्ता, गल्लीतला भाजीवाला, दूरवर डबे जोडल्याचा दणका, आणि बाबांच्या कानाला हे सगळं नवं. मी फोडणी टाकली की बाहेरून आवाज यायचा, "जिरं जळून राहिलं वं!" त्यांना जिरं तडतडलेलं कित्येक वर्षांनी ऐकू येत होतं. बाप्पा, काय तो आनंद. एकदा तर पाल चुकचुकली म्हणून उठून बसले.

बोलायलाही लागले. भाजीवाला कसा लुटतो, कोपऱ्यावर रस्त्यासाठी कसली गिट्टी पडली आहे, राजधानी झाल्यापासून रिक्षावाले कसे माजले. पडद्यामागून मी हूं हूं करायचे. त्यांची एक नवीच रीत झाली. आडव्या आडव्या हात लांब करायचा, कॅबिनेटला उलटा हात लावायचा, गरम लागला की मी टेबलाशी आहे असं समजायचं आणि बोलायला सुरुवात करायची. पडदा सरकवून आत यायचे नाहीत. "ती काम करून राहिली, मधात जाऊ नका," हे आईनं शिकवलेलं होतं, ते पाळायचे. पूर्वी पंखा किंचाळायचा तेव्हा मी घराबाहेर पडताना कॉम्प्युटर न चुकता बंद करायचे, बाबांच्या कानाला तेवढीच सुटका म्हणून, आणि ती सवय नंतरही राहिली होती. त्यामुळे पत्रा गरम म्हणजे पोरगी घरात, हा हिशेब कधी चुकला नव्हता. पण आईबद्दल अजून एक अक्षर नाही. मी वाट बघत होते. येईल, म्हटलं, भाजीपाल्यावरून गाडी कधीतरी तिथवर येईल.

पावसाळा सरता सरता एका कामाची घाई होती. चालत्या चित्राचे तुकडे कॉम्प्युटरला तयार करायला लावले की तो तासन्‌तास तापत बसायचा, माझी गरज नसायची. त्याच दुपारी ऑफिसनं नकाशे बघायला बोलावलं. बाबा दिवाणावर झोपलेले. मशीन कानातच होतं, पण घोरत होते. उठवायचं जिवावर आलं. कॉम्प्युटर बंद करायची गरज नव्हती, आता तो मुका होता. त्याला कामाला लावला, दार लोटलं, आणि निघाले.

परत आले तेव्हा दिवेलागण होत होती. शेजारच्या काकी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या इथल्याच, छत्तीसगढी. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मला बाहेरून येताना बघून त्यांचे हात थांबले.

"तैं बाहिर गे रेहेस का?"

"हव काकी. काहून?"

"तोर बाबू तो मंझनिया ले गोठियावत रिहिस. मैं सोचेंव, तोर संग." म्हणजे बाबा दुपारपासून बोलत होते, आणि काकींना वाटलं, माझ्याशीच.

मी विचारलं, काय बोलत होते? काकी म्हणाल्या, मराठीत बोलत होते बाई, मला काय कळणार. 'आई, आई' तेवढं कळलं. मग म्हणाल्या, "हाँसत घलो रिहिस. अउ रोवत घलो रिहिस."

हसत पण होते आणि रडत पण होते. मी पायरीवर उभीच राहिले.

आत गेले. बाबा दिवाणावर बसले होते, डोळे लाल, पण चेहरा कसा पाऊस पडून गेल्यासारखा स्वच्छ. मी मागच्या दारानं दुकानात जाऊन आले असेन असंच त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी कुठे गेली होतीस म्हणून विचारलं नाही. "झालं का तुहं काम?" म्हणाले. "इतकं बोललो मी, तू हूं नाही केलं. म्हटलं, ऐकून राहिली पोरगी, ऐकू दे."

काय सांगणार होते मी? बाबा, मी नव्हतेच? त्या चेहऱ्याला?

"ऐकलं बाबा," मी म्हटलं. "पण पुन्हा सांगा ना. नीट नाही ऐकू आलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कानातलं मशीन काढलं, बनियनच्या टोकाला पुसलं आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. "हे घे. मले काय करायचं आता? तुलेच लागते." आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले.

मी खूप मागे लागले. त्या रात्री जेवताना, दुसऱ्या दिवशी, दिवाळीत. गोड बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा तर ताट आपटलं. बाबा म्हणायचे, "ते एकदाच सांगायचं असते वं. सांगतलं ना सगळं." त्यांच्या लेखी ते सांगून झालं होतं. मोकळे झाले होते. आईचा फोटो आता स्वतः पुसायचे.

मग मी दुसरी तऱ्हा केली. काम नसलं तरी दुपारी कॉम्प्युटर सुरू करायचे, त्याला काहीतरी जड काम लावून द्यायचे, आणि पडद्यामागे हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. कीबोर्ड नाही, माऊस नाही, खुर्चीसुद्धा करकरू द्यायचे नाही. पत्रा हळूहळू तापायचा. पडद्याखालून बाबांचा हात यायचा, उलटा, पत्र्याला टेकायचा आणि तसाच राहायचा. मी श्वास धरून ठेवायचे.

"भेंडी आणली काय वं?" बाबा विचारायचे.

"हो बाबा. आणली."